दोरीचे घर

४ मार्च

घर उभे राहिले. म्हणजे बांबू आणि दोऱ्या उभ्या राहिल्या.

या गावाची पद्धत अशी आहे की जुन्या वस्तीत नवे घर बांधायचे असेल, तर आधी त्याचा पूर्ण आकाराचा ढाचा जागेवर उभारायचा. कोपऱ्यांना बांबू, भिंतींच्या जागी दोऱ्या, आणि छपराचे आढे जिथे येणार तिथे सर्वांत उंचावर एक जाड दोरी. हा ढाचा महिनाभर ठेवायचा. गावाने तो येता-जाता बघायचा. एका जरी शेजाऱ्याने हरकत घेतली तर सगळे रद्द, आणि पुन्हा अर्ज नाही. हरकत आली नाही, तर शेवटच्या दिवशी समिती येते, दोऱ्यांची मापे घेते आणि तेवढेच घर बांधू देते. कागदावरचा नकाशा कोणी विचारत नाही. दोरी जिथे असेल तिथे छप्पर.

मला पद्धत पसंत पडली. जन्मभर मुलींना भूमिती शिकवली, पण आकृतीच्या आत खुर्ची टाकून बसण्याचा प्रसंग कधी आला नव्हता.

घर सूनबाईने आखले आहे. नोकरी सोडून तिने स्वतःचे काम सुरू केले, त्यातले हे पहिले. भिंती याच जागेतल्या मातीच्या. छप्पर दक्षिणेला उतरते, त्यावर सूर्यापासून वीज. पावसाचे पाणी टाकीत. थंडीत ऊन आत यावे आणि उन्हाळ्यात उंबऱ्यावरच थांबावे, असा सगळा हिशेब. तो मी तपासला. दोन चुका निघाल्या, त्यातली एक माझीच होती.

यात मी मागून घेतलेले एकच: माळा. आढ्याखाली, पुस्तकांनी भरलेला, आणि शिडी वर ओढून घेता येईल असा. शाळेत मुली हाका मारायच्या, घरी हे, पुढे चिरंजीव, आणि आता फ्लॅटच्या दारावरची बेल. उरलेले दिवस मला अशा ठिकाणी काढायचे आहेत जिथे हाक पोचत नाही.

तोपर्यंत मुक्काम बेकरीच्या वरच्या खोलीत. बेकरीवालेच समितीचे अध्यक्ष आहेत. जिन्यात भेटले की नमस्कार करतात आणि माझ्या पदरावर पीठ सांडतात.

६ मार्च

लोक भिंतीतून चालतात!

दूधवाला सकाळी सायकल घेऊन थेट माझ्या न्हाणीघरातून गेला. मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून ऊन कुठवर येते ते बघत होते. म्हटले, "अहो, तिथे भिंत आहे."

"कुठे?"

"तुम्ही आत्ता जिथे उभे आहात तिथेच."

तो बिचारा मागे सरकला तो टाकीत गेला. मग मी त्याला दार दाखवले. संध्याकाळी परत येताना दारापाशी थांबला, हवेत बोट दाबले आणि म्हणाला, "टिंगटाँग." मी विनोद न समजल्याचे दाखवले.

ऊन सूनबाईने सांगितले होते तिथेच थांबले. तिला फोन करून "ठीक आहे" म्हणाले. तासाभराने चिरंजीवांचा फोन. "आई, तू तिला ठीक आहे म्हणालीस? ती सगळ्यांना सांगत सुटली आहे."

यात सांगत सुटण्यासारखे काय आहे?

९ मार्च

शेजारीण भेटली. माझ्या मागे, चढावर तिचे दगडी घर आहे. मधमाश्या पाळते, मध विकते आणि बोलते. तिसरा उद्योग सर्वांत जोरात चालतो. गाव तिला मधवाली म्हणते. वय माझ्याइतकेच, दात माझ्यापेक्षा चांगले.

"मास्तरीणबाई, घर जरा उंच नाही का झालं?"

"नियमात आहे."

"नियमात असेल हो. पण इथे वारा फार. ठेंगणं घर बरं."

"वाऱ्याचा हिशेब केलेला आहे."

"वाऱ्याला सांगितलात का?"

तिने मधाची बरणी पुढे केली. मला गोड आवडत नाही, असे स्पष्ट सांगितले. "बरं," म्हणाली, आणि जाताना जिथे खिडकी येणार आहे तिथल्या दगडावर बरणी ठेवून गेली. दारातून गेली, एवढे मान्य केले पाहिजे. इतर कोणी जात नाही.

१२ मार्च

आढ्याची दोरी वीतभर खाली आली आहे.

ही दोरी दोन्ही टोकांना उंच बांबूंवर कड्यांत अडकवली आहे. शाळेत झेंडा चढवतात तशी खालूनच ओढदोरीने वर-खाली करता येते. नवी दोरी ताण खाते, हे खरे. वर चढवून घट्ट गाठ मारली.

१३ मार्च

पुन्हा वीतभर. पुन्हा चढवली.

१५ मार्च

पुन्हा. ताण खाणारी दोरी मधोमध लोंबते, दोन्ही टोकांना सारखी उतरत नाही. म्हणजे हे दोरीचे काम नव्हे, माणसाचे. बरे, माझी गाठ सोडून दुसरी मारलेली आहे, आणि ती गाठ माझ्यापेक्षा सफाईदार आहे. हे जास्त लागले.

आणखी एक नवल. ओढदोरीवरून मुंग्यांची रांग चालली आहे. खालून वर, शिस्तीत. दोरीत मुंग्यांना काय मिळते देव जाणे.

१८ मार्च

सूनबाई आली. ढाच्याभोवती एक फेरी मारली, मग म्हणाली, "आई, ही माणसं कोण?"

माझ्या ओसरीत गल्लीतल्या चार बायका बसल्या होत्या. मी ऊन मोजायला बाक आणून ठेवला, तेव्हापासून दुपारी येतात. एकीने विणकाम आणले होते. दोरीबाहेर चपला काढून आत मातीत बसायचे, असा शिरस्ता मी घालून दिला आहे. पाळतात.

"अजून भिंत नाही घराला, आणि तुमच्याकडे पाहुण्यांची गर्दी?"

"पाहुणे नाहीत. शेजारी आहेत. उठवलं आणि हरकत घेतली तर? महिनाभर सहन करायचं, मग दार बंद."

"हो का," ती म्हणाली. "मग या सगळ्यांना चहा कोणी पाजला?"

"थंडी होती."

तिला दोरीचे प्रकरण सांगितले. तिने ओढदोरीला हात लावला, बोटे एकमेकांवर घासली, मुंग्यांकडे बघितले, मग मागे वळून चढावर बघितले आणि हसू लागली.

"काय झालं?"

"काही नाही. मुंग्या किती हुशार असतात, नाही?"

या पिढीला एका गोष्टीचा धड विचार करता येत नाही. काम सोडून ती चढावर मध विकत घ्यायला गेली आणि तासाभराने आली. तोवर जोत्याची सगळी मापे मी एकटीने पडताळली.

२२ मार्च

आज उलगडा केला. मुंग्या म्हणजे साखर. साखर म्हणजे बेकरी. बेकरी म्हणजे अध्यक्ष. आढे खाली आणून ठेवायचे आणि शेवटच्या दिवशी "दोरी तिथे छप्पर" म्हणून मला ठेंगणे घर बांधायला लावायचे, असा डाव. भट्टीपाशी जाऊन तोंडावर विचारले.

त्यांच्या हातातला पाव हातातच राहिला. "बाई, मी अध्यक्ष आहे. माकड नाही."

"मग तुमच्या हातांना साखर का आहे?"

"मी बेकरी चालवतो म्हणून!"

"दोरीवर मुंग्या आहेत."

"माझ्या डोक्यावर पण असतात, म्हणून काय मी स्वतःलाच वर-खाली करतो?"

भट्टीवरची माणसे तोंडे लपवून हसली. ते पुढे म्हणाले, "मला तर तुमचं घर हवंय गावात. तिकडच्या टोकाला ती मधवाली एकटीच. रोज संध्याकाळी इथे येऊन पाव घेते एक आणि बोलते चार भट्ट्या भाजून होईपर्यंत. तुम्ही आलात तर माझी सुटका होईल."

त्यांच्या बोलण्यात तथ्य दिसले. माफी मागितली. त्यांनी पाव दिला. गरम होता.

उलगडा मात्र पुन्हा गुंत्यात गेला.

२६ मार्च

रिकामी बरणी परत करायला मधवालीकडे गेले. (मध संपला. उन्हाने पातळ होतो, लवकर संपतो.)

"बसा," म्हणाली आणि स्वयंपाकघरातली एकुलती एक खुर्ची पुढे केली. खुर्ची खिडकीला लागून होती. बसले आणि बाहेर बघितले.

समोर जुना दगडी पूल. सगळ्या कमानी, खालचे पाणी, पलीकडचा रस्ता. चित्रात असावा तसा खिडकीत नेमका बसलेला. आणि त्याच्या मधोमध, कमानींच्या बरोबर डोक्यावरून, कागदावर पट्टीने रेघ मारावी तशी, माझ्या आढ्याची दोरी. मी सकाळीच ताणून चढवलेली.

छप्पर झाले की या खिडकीत पुलाची शेवटची अर्धी कमान उरेल. बाकी कौले.

मी काही बोलणार तेवढ्यात ती खिडकीत वाकली. "आला बघा दूधवाला. सायकल हातात धरून चालतोय, म्हणजे बायकोशी भांडला. समेट झाला की बसून येतो."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझ्याकडे टीव्ही नाही. हा पूल आहे. ती बघा, छत्रीवाली. ऊन नाही, पाऊस नाही, तरी छत्री का?"

"का?"

"पलीकडून शिंपी येतोय ना. त्याच्याकडून कपडे शिवून घेतले आणि पैसे द्यायचे राहिलेत. तोंड लपवतेय."

शिंपी खरोखरच आला. छत्री खरोखरच तिरकी झाली. मग एक नवी सायकल गेली, मग शेळ्या, मग डॉक्टर, ते घाईत नव्हते म्हणून आम्ही निश्चिंत झालो. भानावर आले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. संपूर्ण दुपार फुकट गेली.

उठताना तिने भरलेली बरणी हातात दिली. बरणी बाहेरून चिकट होती. मी माझ्या बोटांकडे बघितले. मग तिच्या बोटांकडे बघितले. तिने हात पदराआड घेतले.

तिने एक शब्द "हरकत" म्हटला असता तरी घर पडले असते. तो का म्हटला नाही, हे मात्र मला अजिबात कळलेले नाही.

२८ मार्च

मी कायद्याने पूर्णपणे बरोबर आहे. हरकत आलेली नाही. खिडकीतून काय दिसावे, याचा नियम कुठेही नाही. घर कुठे सरकवता येत नाही. एका बाजूला जुनी तटाची भिंत, तिला हात लावायचा नाही, दुसऱ्या बाजूला विहीर. खोल बसवावे तर पायाखाली लगेच खडक.

सूनबाईला फोन करून सहज विचारले, आढे दोन हात खाली आणले तर काय होईल.

"माळा जाईल."

"पूर्ण?"

"मांजर पाळलंत तर तिला पुरेल. आई, का विचारताय?"

"सहज. गणित म्हणून."

"गणित म्हणून सांगते मग," ती म्हणाली. "आढे खाली आलं की आतली हवा कमी, म्हणजे थंडीत ऊब कमी लागेल. माती कमी, लाकूड कमी. दक्षिणेचा उतार तसाच राहतो, वीज तेवढीच. पण घर तुमचं आहे. माळा तुम्ही मागितला होतात."

"माहीत आहे मला, काय मागितलं होतं ते."

फोन ठेवल्यावर लक्षात आले की तिने हा हिशेब विचार करायलाही न थांबता सांगितला. आधीच करून ठेवला होता की काय?

३१ मार्च

दोरी गेले काही दिवस हललेली नाही. मुंग्याही नाहीत. मधवाली ओसरीत आली नाही. बायकांनी विचारले, "भांडलात का दोघी?" मी म्हटले, भांडायला ओळख लागते.

विणकाम करणारी म्हणाली, "मग ती रोज तुमच्यासाठी मध कशाला गाळून ठेवते?"

तिला टाका चुकल्याचे दाखवून विषय बदलला. टाका खरेच चुकला होता.

२ एप्रिल

ढाच्यात खुर्ची टाकून बसले आणि माळ्याच्या जागेकडे बघत राहिले. तिथे नुसते आकाश. वाचायला पुस्तक नेले होते. एक पान झाले. दूधवाला सायकलवर बसून गेला. म्हणजे समेट झाला.

ही माहिती मला नको होती. पण आता डोक्यात शिरली.

४ एप्रिल

आज माप. सविस्तर लिहिते, कारण गावात भलत्याच गोष्टी पसरतील.

माझा निर्णय निव्वळ तांत्रिक होता. आतली हवा कमी, माती कमी, लाकूड कमी. समितीच्या आधी पोचून आढे स्वतःच्या हाताने खाली घ्यायचे, असे ठरवले. पहाटे धुके होते. पश्चिमेच्या बांबूवरची दोरी दोन हात उतरवली, गाठ मारली आणि पूर्वेला गेले. पूर्वेची उतरवली. वळून बघते तर पश्चिमेचे टोक पुन्हा वर!

परत गेले. उतरवली. तोवर पूर्वेचे टोक वर. आढे जहाज बुडावे तसे तिरके.

मी पूर्वेला धावले. (या वयात धावणे मला शोभत नाही, हे माहीत आहे.) धुक्यात मधवाली उभी, ओढदोरीला लोंबकळत.

"काय चाललंय तुमचं?"

"घर नीट करतेय तुमचं! इतके दिवस मीच खाली ओढत होते. आज माप आहे. माझ्यामुळे तुमचा माळा नको जायला."

"माळ्याचं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सुनेनं. मध घ्यायला आली होती तेव्हा. म्हणाली, आईंना आयुष्यात एवढंच हवंय. तरी काही दिवस ओढतच राहिले मी."

"दोरी सोडा."

"नाही."

"अहो, तुमचा पूल जाईल!"

"जाऊ दे. पूल काय, बोलतो थोडाच माझ्याशी?"

"मग सरळ हरकत का नाही घेतलीत? एक शब्द पुरला असता!"

"आणि तुम्ही गेला असतात परत. मग काय, तुम्हाला पुलावरून जाताना बघत बसू?"

मी दोरी ओढली. तिनेही ओढली. आढे वर-खाली नाचू लागले.

"अगं, सोड म्हणते ना!"

"तू सोड!"

तेवढ्यात अध्यक्ष मोजपट्टी घेऊन आणि दोन सभासद घेऊन आले. उभे राहून बघू लागले. "बाई, हे घर आहे की रस्सीखेच?"

मी वर्गातला आवाज काढला. "हात खाली!"

मधवालीने दचकून दोरी सोडली. एका सभासदानेही हात खाली केले. मी आढे उतरवले, दोन्ही टोके सारखी केली, गाठी मारल्या. "हं. घ्या माप."

"महिनाभर तर वर होती."

"तुमचाच नियम आहे. आज जिथे दोरी, तिथे छप्पर."

त्यांनी माप घेतले, मग रिवाजाप्रमाणे मोठ्याने विचारले, "कोणा शेजाऱ्याची हरकत?"

"आहे," मधवाली म्हणाली. "माझी."

अध्यक्षांची मोजपट्टी सटकून गुंडाळली गेली. "तुझी? कशाला?"

"घर फार ठेंगणं आहे. बाईंचा माळा जातोय. माझी हरकत आहे."

घर आत्ता, इथे, या क्षणी पडत होते. अध्यक्ष हळूच म्हणाले, "बाई, नोंदवावी लागेल मला. नियम आहे."

मी मधवालीसमोर जाऊन उभी राहिले. "हरकत मागे घे."

"नाही घेत."

"नाही घेतलीस तर आज दुपारच्या गाडीने मी परत जाते. पुलावरून. तुझ्या खिडकीतून नीट दिसेल. बस बघत."

तिने माझ्याकडे बघितले. मी फिरवले नाही तोंड. मुली खोटे बोलताहेत का ते मला डोळ्यांवरून कळायचे. तिलाही तसले काही कळत असावे, कारण ती बराच वेळ बघत राहिली.

"माळ्याशिवाय चालेल?"

"हवा कमी तापवावी लागते."

"अध्यक्ष," ती म्हणाली, "हरकत नाही."

त्यांनी कपाळाचा घाम पुसला. कपाळ पांढरे झाले.

सूनबाईला फोन केला. "माळा गेला. परवानगी मिळाली. कारण तांत्रिक आहे."

"हो आई," ती म्हणाली, आणि नाक ओढू लागली. सर्दी झाली असावी. तिला म्हटले, घर ठीक आहे. मग म्हटले, चांगले आहे.

११ एप्रिल

पाया खणायला सुरुवात झाली. माती पांढरी आणि घट्ट, भिंतींना उत्तम. दोऱ्या काम होईपर्यंत राहतील.

एक अडचण मात्र मी हिशेबात धरली नव्हती. आढे खाली आल्यामुळे मधवालीला खिडकीतून पूल तर दिसतोच, शिवाय तिचा आवाज माझ्या छपराच्या दोरीवरून थेट माझ्या अंगणात उतरतो. सकाळपासून चालू आहे. डॉक्टर गेले. शेळ्या आल्या. शिंपी थांबला. मी खणणाऱ्यांना सूचना देत होते, आणि वरून हाक. "अगं ए, छत्रीवाली!"

अखेर मी मान वर करून तिला स्वच्छ शब्दांत सांगितले की मी इथे शांततेसाठी आले आहे, पुलावरून कोण येते नि कोण जाते यात मला यत्किंचितही रस नाही, आणि काम चालू असताना हाका मारू नयेत.

ती गप्प बसली. खरोखरच गप्प. खिडकीतून दिसेनाशीही झाली.

बराच वेळ नुसता कुदळींचा आवाज. काम चांगले चालले होते. खड्ड्याची खोली मोजली. पुन्हा मोजली.

मग मी चढावर गेले आणि विचारले, "छत्री उघडी होती की मिटलेली?"